बिनपट्टीचं ऑर्किड

मित्रांनो, मी एक जुनं ऑर्किड आहे. छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीत माझा मुक्काम असतो. माझं वय विचारू नका, बाईमाणसाला वय विचारायची रीत नाही. माझं नावही विचारू नका, कारण ते मलाच ठाऊक नाही. पण मला जगवणारी बाई कोण, हे विचाराल तर मी मान ताठ करून सांगेन. खरं तर तिचीच गोष्ट सांगायला बसले आहे. माझी स्वतःची गोष्ट मध्येमध्ये येईल ती सोसा.

माझा जन्म शेतात झाला नाही, रानातही नाही. आमच्या आज्या-पणज्या म्हणे ओल्या जंगलात उंच फांद्यांवर बसून राहायच्या. मी मात्र काचेच्या बाटलीत जन्मले. लोकांची पोरं शाळेत जातात, मी बाटलीत गेले. एका झाडाच्या अंगाचा कणभर तुकडा घेऊन माणसांनी त्याची हजार रोपं केली, त्या हजारातली मी एक. बाटलीवर आकडा होता. तो आकडा कोणाचा, आई कोण, बाप कोण, हे सगळं मालकाच्या कागदात होतं. पुढं बाटलीतून ट्रेमध्ये, ट्रेमधून कुंडीत, कुंडीतून खोक्यात अशी माझी वरात निघाली आणि दर मुक्कामाला नावाचा एक एक तुकडा मागं राहिला. शेवटी माझ्याजवळ उरली एक प्लास्टिकची काडी. तिच्यावर दुकानाच्या यंत्राला कळतील अशा काळ्या रेघा होत्या आणि माणसाला कळेल असा एकच शब्द होता, 'मिक्स'.

मिक्स! भेळ आहे का मी?

जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात मला मांडलं. एका बाजूला प्रेशर कुकर, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचे मॉप. खोक्यात माझ्या शेजारी एक दुसरी उभी होती. माझ्यासारखीच फिकट पिवळी, अंगावर बारीक लाल रेघा. लोक म्हणायचे, जुळ्या दिसतात. जुळ्या कसल्या! आमच्या फुलाची मधली पाकळी वेगळी असते, खालच्या ओठासारखी पुढं आलेली. तिचा ओठ सपाट गडद लाल, आणि टोकाला दोन लांब वळलेल्या मिशा. माझ्या ओठाच्या मुळाशी पिवळ्यावर लाल ठिपके, आणि मिशा अगदी आखूड. आमचा शेजार झाला तो ट्रकमध्ये, बाकी ती माझी कोणी नव्हे. पण दुकानात ओठ बघायला वाकतो कोण? रंग बघायचा आणि उचलायचं.

तसंच आम्हाला उचललं. एका मजल्यावर राहणाऱ्या दोन शेजारणी बरोबर खरेदीला आल्या होत्या. सोनियानं मला घेतलं, नव्या घराच्या वास्तुशांतीला शोभा म्हणून. शैलाबाईंनी माझ्या शेजारणीला घेतलं, मनाला आली म्हणून. घरी गेल्यावरही आमचा शेजार सुटला नाही, कारण दोन्ही घरांच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून होत्या.

तीन महिने मी टीव्हीच्या शेजारी पाटलिणीसारखी बसले होते. पाहुणे येत, "खरं आहे का प्लास्टिकचं?" असं विचारत आणि पाकळीला चिमटा काढत. फोटोही पुष्कळ निघाले, पण सगळ्यांत पाहुणे पुढं आणि मी मागं, कोणाच्या तरी खांद्याआड. मग एक एक फूल गळालं. उरली चार पानं आणि एक दांडा. सोनिया मला उचलून जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडं निघाली.

तेव्हा आतून आवाज आला. "काय गं, कुठं चालली तिला घेऊन?"

ही आवडाबाई. सोनियाची सासू. पाचोडकडच्या शेतकरी घरातली, अक्षर लावून लावून वाचणारी, पण बोलायला लागली तर वकील गप्प बसावा. वय बहात्तर. मुलानं शहरात घर घेतलं म्हणून ती आली, पण तिचं अर्धं मन अजून रानातच होतं.

"फुलं संपली ना आई, आता काय उपयोग?" सोनिया म्हणाली.

"व्हय का? मंग माझे दात पडलेत. मला बी ठिव त्या डब्यात."

सोनिया हसली आणि मी परत आत आले. त्या घटकेपासून मी आवडाबाईची झाले.

मित्रांनो, आता जे सांगते ते तिच्या भल्यासाठी लपवायला हवं. पण खुद्द तीच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, मग मी कशाला लपवू? पाचोडच्या आठवडी बाजारात या बाईच्या वांग्या-मिरचीच्या रोपांना नाव होतं. चाळीस वर्षं घरच्या बाजरीचं बियाणं तिनं स्वतः निवडलं. खळ्यावर हजार कणसं पडलेली असत, त्यातलं कोणतं राखायचं ते तिच्या बोटांना कळायचं. अशा बाईनं मला दुकानाच्या त्या फडतूस प्लास्टिकच्या भांड्यात बघितलं, आत नुसतं शेवाळ आणि सालपटं. तिला वाटलं, पोरीला भुशावर उपाशी ठेवलंय. तिनं फोन लावला आणि तिचा धाकटा दीर कारभारी पाचोडहून गोणीभर माती घेऊन आला. घरच्या रानातली काळी माती. लोण्यासारखी. तिनं त्यात जुनं शेणखत कालवलं, ढेकळं बोटांनी फोडली, मला मधोमध बसवलं आणि मुळ्या दिसू नयेत म्हणून वरून दाबली.

"आता खा पोटभर," ती म्हणाली.

तिच्यापाशी जे सगळ्यात चांगलं होतं ते तिनं मला दिलं. आणि मी गुदमरले.

आमच्या मुळ्यांना वारा लागतो. मातीत त्यांचा श्वास कोंडतो. त्यात नळाला पाणी आलं की पहिला तांब्या माझ्या मुळाशी. काळी माती पाणी सोडत नाही, हे कापसाला बरं. माझ्या मुळ्या आतल्या आत नासायला लागल्या. एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. आवडाबाई रोज सकाळी येऊन पानावर बोट ठेवायची. पानात जोर नाही हे तिच्या बोटाला कळायचं, पण का नाही ते कळेना. बहात्तर वर्षांत तिच्या हातून रोप मेलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या शैलाबाई आठ दिवसांच्या तापात गेल्या.

जुलैत एका सकाळी त्यांचे यजमान अनंतराव आमच्या दारात आले. सरकारी कचेरीत हयात घालवलेला माणूस. शर्टाला इस्त्री, बोलणं मोजकं. हातात एक कुंडी होती आणि कुंडीत माझी ती ट्रकमधली शेजारीण. तिची पानं काळी पडून लोंबत होती. मला ओळखू आली नाही.

"शैलाच्या मागोमाग हीसुद्धा गेली," ते म्हणाले. "मला हेच पुन्हा हवंय, आवडाबाई. दुसरं काही नको. शेवटच्या दिवसांत ती कॉटवरून याच फुलाकडे बघत असायची."

त्यांनी मोबाइल काढला. फोटोत शैलाबाईंचा हात होता आणि त्या हातावर टेकलेलं एक फूल. आवडाबाईची नात तनुजा कॉलेजातली. ती म्हणाली, "आजोबा, नाव शोधून देते ना मी, दोन मिनिटांत." तिनं फोनला तो फोटो दाखवला, फोननं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. फोटो जरा कापून दाखवला, तर दुसरं नाव. उजेड वाढवून दाखवला, तर तिसरं.

"फोन हाय का पोपटवाला ज्योतिषी?" आवडाबाई म्हणाली.

अनंतराव खिन्न हसले. "मी यातून गेलोय. पहिलं नाव खरं धरून रोप मागवलं. फुलासकट आलं, पण जांभळं." मग त्यांची नजर खिडकीकडे वळली. "तुमचं त्याच खोक्यातलं ना? शैला म्हणायची, दोघी जुळ्या आहेत. कसं आहे ते?"

आवडाबाई चटकन माझ्यापुढं उभी राहिली. माझी उरलेली दोन पानं तिच्या पदराआड गेली.

"मजेत हाय," ती म्हणाली. "तुमी कायबी काळजी करू नगा, अनंतराव. शैलाबाईंचं फूल म्या याच खिडकीत फुलवून दावते. आवडाबाईचा शब्द हाय."

अनंतरावांनी हात जोडले. त्या हात जोडण्यानं बाई अडकली. शब्द देऊन झाला होता आणि रोप मरत होतं. आणि मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की अहो, ती मी नाही! जुळ्या म्हणणारीनं आमचे ओठ कधी शेजारी शेजारी ठेवून बघितले नव्हते. पण मला तोंड नाही. फुलाचा एक ओठ आहे तेवढा, आणि तो उघडायला अजून दीड वर्ष होतं.

दुसऱ्याच दिवशी आवडाबाईनं मला पिशवीत घातलं, तनुजाला बरोबर घेतलं आणि रिक्षानं छावणी गाठली. तिथं धम्मपालची लहानशी रोपवाटिका आहे. धम्मपाल पन्नाशीचा, बुटका, कानाला पेन्सिल. त्यानं मला हातात घेतलं, कुंडीचा वास घेतला आणि विचारलं, "आजी, माती कुठली?"

"पाचोडची. आमच्या रानातली हाय. काळी."

"माती एक नंबर," तो म्हणाला. "कापूस असता तर नाचला असता. पण आजी, ही बाई जमिनीवर पाय ठेवत नाही. ही झाडावर बसणारी. तुम्ही हिला जिवंत पुरलं."

तनुजानं जीभ चावली. तिला वाटलं, आता आजी याची सालं काढणार. पण आवडाबाईनं कोपऱ्यातली बादली त्याच्यापुढं सरकवली. धम्मपालनं मला बादलीत बुडवून माती सुटी केली. नासलेल्या मुळ्या चिखलासारख्या त्याच्या बोटांत आल्या. त्यानं ब्लेड मेणबत्तीवर तापवलं आणि त्या कापून टाकल्या. तीन उरल्या. आवडाबाईनं त्या तीन मुळ्यांकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "म्हंजे म्याच मारत व्हते हिला."

"मायेनं मारत होता," धम्मपाल म्हणाला. "माझ्याकडं येणारी निम्मी तशीच येतात."

मग त्यानं आमची ओळख कशी करायची ते सांगितलं, आणि मित्रांनो, स्वतःबद्दल एवढं मलाही पहिल्यांदाच कळलं. "बघा, हिला उसासारखं कांडं नाही, म्हणजे ही डेंड्रोबियम घराण्यातली नव्हे. पानं जाड, दोन बाजूंना आळीपाळीनं बसलेली. मुळीवर ही रुपेरी साल आहे ना? पाणी टाकतो, बघा." त्यानं चूळभर पाणी टाकलं आणि माझी मुळी हिरवी झाली. तनुजा "अय्या" म्हणाली. "ही झाली फॅलेनॉप्सिस. दुकानात मिळतात त्यातल्या बहुतेक ह्याच. इथपर्यंत मी छाती ठोकून सांगतो. पुढं नाही."

"पुढं का नाय? नाव सांग की हिचं," आवडाबाई म्हणाली.

"नाव चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, आजी. ही कलमी-संकरी मंडळी. हिच्या आईची आई वेगळी, बापाचा बाप वेगळा, अशा हजारो जोड्या लावल्यात लोकांनी. एकसारखं तोंड असलेल्या शंभर निघतील, आणि एका आईबापाची लेकरं दहा तोंडांची निघतील. नाव असतं ते रोपाबरोबर आलेल्या पट्टीवर. पट्टी गेली की घराणं सांगता येतं, नाव नाही. मागं एक मॅडम आल्या, म्हणाल्या, काही झालं तरी नाव लिहूनच द्या. मी लिहून दिलं: 'माहीत नाही.' रागावून गेल्या."

आवडाबाई पहिल्यांदा हसली. "बरं केलंस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यापरीस हे बरं."

"आणि हा वाळका दिसतो तो दांडा कापू नका," धम्मपाल म्हणाला. "खाली हिरवा आहे. हा डोळा फुगलाय बघा. आई मरायला टेकली की कधी कधी दांड्यावर लेकरू टाकून जाते."

मी मनात म्हटलं, मरायला टेकते कुठं! पण लेकराचं त्यानं खरं सांगितलं होतं.

आता माझं ऐका. मोठेपण कशात असतं ते मी त्या दिवशी बघितलं. ज्या बाईला गावात लोक रोपाचं विचारायला यायचे, ती पोराच्या वयाच्या माणसासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पुन्यांदा सांग. मुळी कशी दिसली म्हंजे तहान लागली?" त्यानं सांगितलं. तिनं ते घोकलं. रुपेरी दिसली तर पाणी, हिरवी असली तर हात बांधून बसायचं. मातीऐवजी विटेचे तुकडे, कोळसा, नारळाची सोडणं. सकाळचं ऊन कोवळं, दुपारचं नको. तनुजा मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लागली, तर आवडाबाई म्हणाली, "ते ठिव. तो पोपटवाला बघितला म्या. माझ्या डोक्यात हाय."

दीड वर्ष तिनं मला वाढवलं. पावसाचं पाणी गॅलरीत पातेल्यात धरलं, ते माझं. मे महिन्यात कूलरची हवा अंगावर येऊ नये पण ओल मात्र मिळावी, म्हणून माझी जागा तिनं पाच वेळा बदलली, आणि सोनियाचं शोकेस दोन वेळा हलवलं. "आई, झाडासाठी घर फिरवता का?" सोनिया म्हणायची. "घर फिरलं तर वासे फिरत्यात, झाड फिरलं तर कायबी व्हत नाय," हे उत्तर. दांड्यावरच्या त्या डोळ्यातून खरंच दोन इवली पानं आली, मग मुळ्या. आवडाबाईनं लेकराला वेगळ्या करवंटीत बसवलं, अगदी माझ्या शेजारी, माझ्या नजरेसमोर. कोणी भेटायला आलं की ती मला दाखवून सांगायची, "हिला म्या काळ्या मातीत पुरलं व्हतं. चूक झाली व्हती." सोनिया लाजायची. आवडाबाई लाजायची नाही. जी बाई चूक चारचौघांत सांगते, तिची चूक तिला पुन्हा शिवत नाही.

अनंतराव महिन्या-दोन महिन्यांनी येत. काही विचारत नसत. माझ्याकडे बघत, "पान नवं आलंय," म्हणत आणि जात.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर धम्मपालच्या सांगण्यावरून मला गॅलरीच्या दारापाशी ठेवलं, थंडी लागावी म्हणून. डिसेंबरात माझ्या पानाखालून एक कोंब निघाला.

"मुळी हाय का दांडा?" आवडाबाई म्हणाली.

"दांडा," तनुजा म्हणाली.

"कशावरनं?"

"मला वाटतं."

"वाटण्यावर शेती व्हत नाय, पोरी. मुळीचं टोक गोल असतं आन् गुळगुळीत. हे बघ, ह्याला टोक हाय, आन् एका अंगानं बाक हाय, बोट एकीकडं आन् अंगठा एकीकडं असल्यावानी. दांडा हाय!"

आणि ती गॅलरीतून ओरडली, "अनंतराव! दांडा निघाला!" खालच्या मजल्यावरचे दोघे तिघे उगाच वर बघायला लागले.

महाशिवरात्रीच्या आसपास माझी पहिली कळी उमलली. फिकट पिवळी, लाल रेघांची. सोनियानं टाळ्या वाजवल्या. "तीच! आई, अगदी तीच! शैलाकाकूंची!" तनुजानं अनंतरावांचा तो जुना फोटो मोबाइलवर काढून शेजारी धरला आणि तीही म्हणाली, तीच.

आवडाबाईनं चष्मा पुसला. फोटो बघितला. मला बघितलं. पुन्हा फोटो. बोटानं माझी पाकळी उलटी करून मागची बाजू बघितली. मला ते बोट चांगलं ओळखू येत होतं, हेच बोट खळ्यावर हजार कणसांतून एक कणीस काढायचं. ते माझ्या ओठापाशी येऊन थांबलं.

"नाय," ती म्हणाली.

"काय नाही?"

"ही ती नाय. ह्या फोटुतलीचा ओठ सरळ लाल हाय. हिच्या ओठावर ठिपके हायेत. तिच्या मिशा बघ केवढ्या, वेटोळं घातलंय. हिच्या बघ, उंदराच्या पिल्लावानी. एका वावरातलं बियाणं हाय, पर वाण येगळा."

मित्रांनो, दीड वर्ष मी जे पोटात घेऊन बसले होते ते त्या बाईनं नुसत्या डोळ्यानं वाचलं. मला वाटलं, आता मी कोणीही नसले तरी चालेल, हिनं मला ओळखलं.

पण रविवारी अनंतराव येणार होते.

"आई, नका सांगू," सोनिया म्हणाली. तिचं बोलणंही काही वाईट नव्हतं. "दीड वर्ष तो माणूस याच एका फुलासाठी थांबलाय. त्यांना तीच वाटेल. समाधान होईल. तुमचाही शब्द राहील. कोणाचं काय बिघडतं?"

आवडाबाईनं चष्मा काढून ठेवला. शब्द द्यायला तिला एक क्षण लागला होता, आणि तो आता मोडायचा होता. ती म्हणाली, "बाजरीचं बियाणं न्यायला बाया यायच्या माझ्याकडं. एकीला बी म्या दुसऱ्या वाणाचं नाव सांगून बी दिलं नाय. पेरणारी त्या नावावर सबंध साल काढती. अनंतरावांनी तर बायकुचं नाव लावून रोज हात जोडायचे. दुसरीलाच हात जोडायला लावू व्हय?"

रविवारी अनंतराव आले. पांढरा शर्ट, आणि खिशात शैलाबाईंचा चष्मा. तो चष्मा डोळ्यांना लावून ते माझ्यासमोर वाकले. त्यांचा श्वास माझ्या पाकळीला लागला.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती."

"अनंतराव," आवडाबाई म्हणाली, "ही ती नाय."

तिनं सगळं दाखवलं. ओठ, ठिपके, मिशा. अनंतराव ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा कडक होत गेला.

"तुम्हाला काय कळतं हो ऑर्किडमधलं?" ते म्हणाले. एवढ्या मोजकं बोलणाऱ्या माणसाचा आवाज चढला. "काळ्या मातीत घातली होतीत तुम्ही हिला!"

सोनिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. तनुजा भिंतीला टेकली. मला वाटलं, आता फुटणार बॉम्ब. तिच्या जिभेनं भले भले सोलले आहेत.

आवडाबाई म्हणाली, "व्हय. घातली व्हती. म्हणूनच आता नीट बघितल्याबिगर बोलत नाय."

अनंतराव उठले आणि निघून गेले. आवडाबाईनं दार लावलं नाही. ती खिडकीशी येऊन बसली आणि माझ्या लेकराच्या पानावरची धूळ पुसत राहिली. दोन्ही पानं कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिली.

आठ दिवस शेजारच्या गॅलरीचं दार उघडलं नाही. माझी आणखी चार फुलं उमलली, कौतुक झालं, फोटो निघाले, आता मी पुढं आणि माणसं मागं. पण आवडाबाईचं लक्ष नव्हतं. सोनियानं एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. तिचाही मोठेपणा मी इथं सांगून ठेवते.

नवव्या दिवशी अनंतराव आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. हातात भिंग होतं.

"मिशा लांब आहेत," ते म्हणाले. "फोटो मोठा करून भिंगातून बघितला. ओठावर एकही ठिपका नाही. तुमचं बरोबर आहे."

"बसा," आवडाबाई म्हणाली.

ते बसले. भिंग हातात फिरवत म्हणाले, "तिच्या मागोमाग ते झाड गेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं आहे ते. ती गेल्यावर मी रोज सकाळी त्याला पाणी घालत होतो. रोज. काहीतरी करायला हवं होतं मला. मी बुडवलं ते, आवडाबाई. आणि मग तेच परत मिळवायला निघालो, म्हणजे केलेलं पुसता येईल."

आवडाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "म्या पुरली, तुमी बुडवली. आपण दोघं बी सारखेच खुळे."

अनंतरावांना हसू आलं. हसता हसता त्यांनी भिंगानं डोळे पुसायला घेतले, मग ते भिंग आहे हे लक्षात आलं.

"त्या करवंटीतलं पिल्लू मला देता का?" त्यांनी विचारलं. "शैलाची म्हणून नाही. आहे ती म्हणून."

माझं लेकरू मागितलं होतं, आणि विचारलं आवडाबाईला. पण तिनं माझ्याकडं एकवार बघितलं, हे मी विसरणार नाही. मग तिनं करवंटी उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "पर पट्टी लावायची. लिवा, तुमचं अक्षर चांगलं हाय."

तनुजानं दह्याच्या रिकाम्या डब्याची पांढरी पट्टी कापून दिली. अनंतरावांनी पेन्सिल घेतली. आवडाबाई सांगत गेली, ते लिहीत गेले: 'घराणं फॅलेनॉप्सिस. नाव ठाऊक नाही. आई जालना रोडच्या दुकानातून, वास्तुशांतीच्या साली. ओठावर ठिपके.' तशीच एक पट्टी माझ्या कुंडीतही खोवली. आवडाबाईनं ती अक्षर लावून लावून मोठ्यानं वाचली. मित्रांनो, बाटलीतून निघाल्यापासून माझ्याबद्दल लिहिलेलं पहिलं खरं वाक्य ते. 'नाव ठाऊक नाही' हे ऐकून मला उणं वाटलं नाही. मला कुणीतरी एवढं निरखून बघितलं होतं, की काय ठाऊक नाही हेसुद्धा त्यांना नेमकं ठाऊक होतं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आमच्यापैकी कोणाला घरी आणलंत, तर येताना जी पट्टी असेल ती फेकू नका. नसेल, तर कुठून आणलं आणि कधी, तेवढं तरी लिहून खोचा. फोन सांगतो म्हणून कोणाचंही नाव आमच्या गळ्यात बांधू नका. फुलं गळली म्हणजे आम्ही संपलो असं समजू नका. आणि आमच्यावर माया करण्याआधी आमच्या मुळ्या एकदा बघा. आपल्याजवळचं उत्तम ते दुसऱ्याला मानवतंच असं नाही.

आता माझी लेक शेजारच्या गॅलरीत असते. हवा आली की तिची पानं मला दिसतात. पहिल्या दिवशी सकाळी अनंतराव दारात हजर झाले.

"मुळ्या हिरव्या दिसतायत. म्हणजे आज पाणी नको ना?"

"नगं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "अजून हिरव्याच आहेत."

"मंग नगं."

तिसऱ्या दिवशी आले ते दाराबाहेर घुटमळत राहिले. आवडाबाईनं आतूनच ओरडून सांगितलं, "अवो, रोज विचारायलाच यायचं हाय तर आत येऊन बसत जावा की! सोनिया, च्या टाक. दोन कप, आन् माझ्यात साखर घाल, त्यांच्यात नगं, त्यांना शुगर हाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" अनंतराव आत येत म्हणाले.

"सांगाय कशाला पायजे?" ती म्हणाली. "बघितलं की कळतं."